हातभर बांध आणि पृथ्वीची फेरी



बांधाचे भांडण ज्या गावात नाही, असे गाव तुम्ही कधी पाहिले आहे काय? शेतीच्या विस्तारकामात माझी तीस वर्षे गेली, शेकडो गावे पायाखाली घातली, पण मला तरी तसे गाव आढळले नाही. आणि दुसऱ्यांची गोष्ट कशाला? आमच्याच घरची सांगतो.

आमचे वडील आणि आमचे आप्पा, म्हणजे धाकटे चुलते, यांच्या शेतांमध्ये एकच बांध. आजोबांनी वाटणी करून दिली तेव्हाचा. बांधावर दोन बोरी आणि एक बाभूळ. मी सातवीत असताना कोणीतरी म्हणाले, बांध सरकला आहे. झाले! मोजणी आणली. रस्त्यापासून बांधापर्यंत तेहतीस फुटी साखळीने वीस साखळ्या अंतर. पहिल्या मोजणीत बांध हातभर आप्पांच्या बाजूला निघाला. आप्पांनी दुसरी मोजणी आणली, तर तो हातभर आमच्या बाजूला निघाला. तिसरी मोजणी या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी आली. त्या हातभर जमिनीवरून दोघे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. आप्पांच्या मालूताईची वरात आमच्या दारावरून गेली. वडील ओट्यावर बसून होते, उठून आत गेले. आई मात्र परड्यातल्या दाराने जाऊन मालूताईची ओटी भरून आली, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे मी कृषी महाविद्यालयात गेलो. मोजणीच्या तासाला पहिल्याच दिवशी सरांनी सांगितले, "साखळी हातात घेतली की आधी साखळी मोजा, मग जमीन मोजा." वापरून वापरून साखळीच्या कड्या झिजतात, उघडतात आणि साखळी लांबते. उन्हानेही ती लांबते. वीस अंशांनी तापली तर दहा साखळ्यांमागे सव्वादोन सेंटीमीटरचा फरक पडतो. झिजलेल्या साखळीची चूक तर त्याहून मोठी असते. एका साखळीत एक इंच जास्त असेल तर वीस साखळ्यांत वीस इंच! म्हणजे हातभराहून थोडे अधिकच. मी त्या तासाला बसल्या जागी हिशेब केला आणि माझे पुढे लक्ष लागले नाही. आमच्या बांधावर कोणीही आधी साखळी मोजली नव्हती.

मागे २०२३ साली मी आणि माझा चुलत भाऊ, दोघांनी मिळून नव्या पद्धतीने मोजणी करून घेतली. वडील आणि आप्पा दोघेही तोवर गेले होते. मोजणीला आलेल्या तरुणाजवळ साखळी नव्हती. काठीवर बसवलेले एक यंत्र होते, त्याला रोव्हर म्हणतात. ते आभाळातल्या उपग्रहांकडून खुणा घेते आणि आपण कुठे उभे आहोत ते सेंटीमीटरच्या हिशेबात सांगते. निकाल काय लागला? बांध आजोबांनी घातला होता तिथेच होता. फरक निघाला चार बोटांचा.

मी त्या तरुणाला विचारले, "बाबा रे, उपग्रह वर फिरतो, खाली पृथ्वीही फिरते. मग आमचे शेत या क्षणाला नेमके कुठे आहे, हे तुझ्या यंत्राला कळते कसे?" तो हसून म्हणाला, "साहेब, ते मला कोणी शिकवले नाही."

मलाही माहीत नव्हते. म्हणून शोधून वाचले. ते वाचताना मला जागोजागी आमची ती झिजलेली साखळी आठवत होती. तीच हकिगत आज तुम्हाला सांगतो.

एका मिलिसेकंदात किती जमीन?

पृथ्वी स्वतःभोवती दिवसाला एक फेरी घेते. तिचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे विषुववृत्तावरची जमीन दर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर पूर्वेकडे धावते. आपला महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपला घेर थोडा लहान आहे. तरीही आपण, आपले घर, गोठा आणि उभे पीक सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने धावत असतो.

आता एका सेकंदाचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या शेकडोपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात आपले शेत किती सरकते? ४४ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ एक हात!

उपग्रहाची कक्षा ही पृथ्वीला बांधलेली नसते. पृथ्वी तिच्याखाली आपली आपण फिरते. म्हणून उपग्रहावरून जमिनीवरचे ठिकाण काढायचे तर पृथ्वी किती फिरली आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. त्यात एका मिलिसेकंदाची चूक झाली आणि कोणी ती सुधारली नाही, तर सगळी जमीनच हातभर सरकल्यासारखी दिसेल. सात दिवस रोज तेवढीच चूक साचली तर तीन मीटर. रोव्हर मात्र जवळच्या पक्क्या ठाण्याशी ताळा घेत असतो, आणि कक्षेच्या गणितातही पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब आधीच घातलेला असतो. म्हणून तुमच्या मोजणीत ही चूक उतरत नाही. पण तो हिशेब कोणीतरी रोज मांडतो, म्हणून उतरत नाही!

पृथ्वी एकसारखी का फिरत नाही?

तुम्ही म्हणाल, दिवस चोवीस तासांचा, त्यात रोज काय मांडायचे? तर पृथ्वी घड्याळाच्या काट्यासारखी अगदी एकसारखी फिरत नाही.

नागपंचमीला मुली फुगडी घालतात ती आठवा. हात लांब करून मागे रेलल्या की फेरी मंदावते, जवळ आल्या की वेग वाढतो. पृथ्वीचेही तसेच आहे. चंद्राच्या ओढीने समुद्रालाच नव्हे, जमिनीलाही भरती येते. पंधरवड्याच्या अंतराने पृथ्वीचा मध्यभाग किंचित फुगतो आणि उतरतो, तसा तिचा वेग कमीजास्त होतो. वाऱ्यांचाही परिणाम होतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे जोर धरतात, तेव्हा हवेने घेतलेला वेग जमिनीच्या वाट्याचा कमी होतो आणि दिवस किंचित लांबतो. १९८२-८३ साली मोठा एल निनो झाला, तेव्हा दिवस सुमारे एक मिलिसेकंदाने लांबला होता. पावसाळ्याच्या बातम्यांत ज्याचे नाव ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, तोच हा एल निनो.

शिवाय भरतीच्या घर्षणाने पृथ्वी हळूहळू मंदावते आहे. शंभर वर्षांत दिवस सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी वाढतो. आणि मध्येच ती वेगही घेते. ५ जुलै २०२४ या दिवशी तिने आपली फेरी चोवीस तासांच्या १.६६ मिलिसेकंद आधीच पुरी केली. घड्याळ आणि पृथ्वी यांचा मेळ घालण्यासाठी १९७२ सालापासून सत्तावीस वेळा घड्याळात एक सेकंद जादा घालावा लागला. शेवटचा घातला तो आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला.

ताऱ्यांवरून मोजणी

पृथ्वी फिरते हे बंद खोलीत बसून दाखवता येते काय? फ्रान्सच्या फूको या शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसमधल्या पँथिऑन या मोठ्या इमारतीत ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून झोका दिला. झोका आपल्या रेषेत हलत राहिला आणि खालची जमीन मात्र फिरत गेलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पण त्यावरून मिलिसेकंदाचा हिशेब करता येत नाही.

आज हा हिशेब मुख्यतः आकाशाकडे बघूनच होतो. अतिशय दूर असलेल्या, म्हणून जागा न सोडणाऱ्या ज्योतींकडे जगातल्या निरनिराळ्या देशांतल्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी रोखतात. तीच लहर या दुर्बिणीला आधी पोचली की त्या, आणि किती आधी, यावरून पृथ्वीचे फिरणे काढतात. ही पद्धत फार बिनचूक आहे. पण अनेक देशांतली माहिती एकत्र आणून गणित करावे लागते आणि पक्के उत्तर हाती यायला काही दिवस जातात. शिवाय दुर्बिणीही रोज अखंड बघत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांना दुसरे एक साधन हवे होते. आकाशाकडे न बघता, जमिनीतच बसून, त्याच क्षणी सांगणारे.

खळ्यावरची दोन कबुतरे

ते साधन कसे चालते, ते आपल्या खळ्यावर समजून घेऊ. खळ्याच्या कडेला एका ठिकाणी नारळ ठेवा. तिथून दोन कबुतरे एकाच वेगाने उडाली, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, अशी खळ्याला फेरी घालून परत नारळापाशी यायची. खळे स्थिर असेल तर दोघे एकदमच पोचतील. पण समजा, खालचे खळे नारळासकट हळूहळू उजवीकडे फिरते आहे. कबुतरे हवेत आहेत, त्यांना खळ्याचा वेग लागत नाही. मग उजवीकडून जाणाऱ्याला नारळ पुढे सरकलेला आढळेल, त्याला जरा जास्त उडावे लागेल. डावीकडून येणाऱ्याला नारळच सामोरा येईल, तो आधी पोचेल. दोघांच्या पोचण्यातला फरक मोजला की खळे किती वेगाने फिरते ते कळले!

कबुतरांच्या जागी प्रकाशाचे दोन किरण घ्या, की झाले यंत्र. फ्रान्सच्या साग्नाक यांनी १९१३ साली फिरत्या मेजावर हे करून दाखवले. पृथ्वीचे फिरणे फार मंद, म्हणून खळे मोठे हवे. अमेरिकेत शिकागोजवळ मायकेलसन आणि गेल यांनी १९२५ साली २०१० फूट लांब आणि १११३ फूट रुंद असा नळांचा चौकोन घातला, नळांतली हवा उपसून काढली आणि त्यातून किरण फिरवले. आपल्या हिशेबाने ते झाले ५१ एकरांचे रान! एवढे करून पृथ्वी फिरते हे दिसले, वेगही जुळला. पण तिच्या वेगातला बारीक चढउतार टिपणे त्या यंत्राच्या आवाक्यातले नव्हते.

दोन इंजिनांचा ठेका

१९६० साली लेसर निघाला. लेसर म्हणजे एका रंगाचा, एका शिस्तीत चालणारा प्रकाश. १९६३ साली अमेरिकेत लेसरचा चौकोनी फेरा तयार झाला. चार कोपऱ्यांत चार आरसे, मध्ये विरळ वायू भरलेली नळी, आणि त्या वाटेवर दोन्ही दिशांनी फिरणारे दोन किरण.

इथे वेळ मोजत नाहीत, ठेका मोजतात. शेजारच्या दोन विहिरींवर दोन ऑइल इंजिने चालू असली तर त्यांचे ठोके कधी एकात एक मिसळतात, कधी वेगळे पडतात, आणि आवाज चढतो-उतरतो. दोन इंजिनांच्या गतीत जेवढा फरक, तेवढा हा चढउतार भरभर. लेसरच्या फेऱ्यातही एका किरणाची वाट तसूभरापेक्षा कितीतरी कमी लांबते, दुसऱ्याची तेवढीच आखडते. त्यामुळे दोघांच्या लहरींच्या गतीत इवलासा फरक पडतो. दोन्ही किरण एकत्र आणले की तो फरक ठोक्यांच्या रूपाने मोजता येतो.

जर्मनीत बव्हेरिया प्रांतातल्या वेट्सेल या गावी वेधशाळा आहे. तिथे ‘जी’ नावाचा चार मीटर बाजूचा असा चौकोन जमिनीखाली बसवला आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्यामुळे दर सेकंदाला सुमारे ३४८ ठोके पडतात. तेच यंत्र आपल्या महाराष्ट्रात सपाट ठेवले तर सुमारे १५० पडतील आणि विषुववृत्तावर एकही नाही. कारण ध्रुवावर जमीन भोवऱ्यासारखी गरगर फिरते, विषुववृत्तावर ती नुसती पुढे धावते.

आता खरी अडचण पाहा. वेट्सेलला दिवसभरात तीन कोटींच्या वर ठोके पडतात. दिवस एका मिलिसेकंदाने लांबला तर या तीन कोटींत फरक पडतो तो एका ठोक्याच्या तिसऱ्या हिश्शाचा! पोत्यातले दाणे मोजताना एक दाणाही चुकू नये, इतकेच नव्हे, तर अख्ख्या गोदामात दाण्याचा तुकडाही चुकू नये, अशी ही मोजणी. इथे यंत्र स्वतःच जरा इकडेतिकडे झाले तर पृथ्वीचा दोष आणि यंत्राचा दोष ओळखायचा कसा? आमच्या बांधावर हेच झाले होते.

मोठे की स्थिर?

फेरा जितका मोठा तितके ठोके जास्त. म्हणून न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च शहराजवळ, दुसऱ्या महायुद्धात खोदलेल्या एका भुयारात मोठमोठे फेरे उभारून पाहिले. सर्वांत मोठा ८३४ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वाआठ गुंठ्यांचा. पण त्याचे आरसे भुयारातल्या खडकाला धरून होते. खडक इवलासा हलला की आरसे हलणार, आरसे हलले की माप हलणार. मोठ्या फेऱ्याचा फायदा त्यातच जिरला. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाने तर ख्राइस्टचर्चचे फार नुकसान केले आणि ते भुयारातले कामही बंद पडले.

वेट्सेलचा फेरा नुसता सोळा चौरस मीटरचा, एका खोलीएवढा. पण तो स्थिर. यातून शास्त्रज्ञ जे शिकले ते शेतकऱ्याला सांगायला नको. चार एकर निगा न होता पेरण्यापेक्षा एक एकर नीट करावे!

वेट्सेलच्या तीन खबरदाऱ्या

पहिली खबरदारी उष्णतेची. हे यंत्र झेरोडूर नावाच्या विशेष काचेच्या चार मीटरहून रुंद आणि पाव मीटर जाड तबकडीवर बसवले आहे. ही काच नेहमीच्या तापमानात जवळजवळ फुगतही नाही, आखडतही नाही. वर मातीचा मोठा ढिगारा घातला आहे. आपण पूर्वी पेवात धान्य ठेवत असू, पेवात उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही, तोच हा उपाय. पुढे सगळे यंत्र एका हवाबंद टाकीत ठेवले. का? तर बाहेर हवेचा दाब कमीजास्त झाला की ती टणक काचसुद्धा किंचित दबते आणि सुटते.

दुसरी खबरदारी पातळीची. हजार किलोमीटर लांबीची फळी घ्या आणि तिचे उत्तरेकडचे टोक फक्त एक सेंटीमीटर उचला. एवढा कल जरी या यंत्राला आला, तरी पाऊण मिलिसेकंदाची चूक होते! आणि जमीन तर सारखी कलत असते. पाऊस पडून पाणी मुरले की ती कलते, हे काळ्या रानात घर बांधणाऱ्यांना मी काय सांगू? म्हणून यंत्राशेजारी अतिशय नाजूक कलमापके ठेवली आहेत. यंत्र किती कलले ते सतत लिहून घेतात आणि तेवढे हिशेबातून वजा करतात.

तिसरी खबरदारी सर्वांत अवघड होती. ती पासंगाची. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक खाली झुकत असेल तर त्याला पासंग म्हणतो. लेसरच्या या फेऱ्यालाही पासंग आहे. आरसे कितीही गुळगुळीत असले तरी एका किरणाचा कणभर प्रकाश उलटा परततो आणि समोरून येणाऱ्या किरणात मिसळतो. एका जोखडात बांधलेले दोन बैल, एक चपळ आणि एक मंद, एकमेकांना आपल्या चालीकडे ओढतात, तसे हे दोन किरण एकमेकांची गती ओढतात. लहान यंत्रात तर दोघांची चाल एकच होऊन जाते आणि ठोके थांबतात. शिवाय नळीतल्या वायूतून जाताना दोन्ही किरण तंतोतंत सारखे राहत नाहीत. आणि हा पासंग रोज तोच नसतो, तो बदलतो.

वाणी पासंग कसा काढतो? माल या पारड्यात तोलतो, मग त्या पारड्यात. पण इथे पृथ्वी उलटी फिरवून पाहता येत नाही! म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातले उलरिश श्रायबर आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळी वाट धरली. दोन्ही किरणांचे तेज सतत वेगवेगळे नोंदवायचे. त्यात उमटणारी बारीक लहर पाहिली की कोणी कोणाला किती ओढले ते कळते. लेसर आतून कसा वागतो याचे गणित मांडायचे आणि त्या त्या क्षणाचा पासंग काढून वजा करायचा. या कामाला त्यांना वर्षे लागली.

हाती काय आले?

२०११ साली या यंत्राने पृथ्वीच्या आसाचे डोलणे टिपले. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस तिच्या पोटात जरा जरा जागा बदलतो. सुमारे चौदा महिन्यांत ध्रुव काही मीटरच्या फेऱ्यात फिरून येतो. अमेरिकेच्या चँडलर यांनी १८९१ साली हे ताऱ्यांवरून ओळखले होते. आता ते जमिनीखालच्या खोलीत दिसले.

२०२३ साली श्रायबर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, पासंग काढल्यावर हे एकटे यंत्र दिवसाच्या लांबीतले मिलिसेकंदांचे चढउतार महिनोनमहिने दाखवू शकते, आणि तेही दर तीन तासांनी. पृथ्वीच्या फिरण्याचे माप नऊ दशांश स्थळांपर्यंत गेले, असे त्यांच्या विद्यापीठाने जाहीर केले. २०२५ साली सुमारे अडीचशे दिवसांच्या अखंड नोंदीवरून त्यांनी पृथ्वीच्या आसाचे भोवऱ्यासारखे घुमणेही मोजले. मंदावत्या भोवऱ्याचा दांडा जसा घुमतो, तसा पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर घेतो आणि घेताना किंचित थरथरतो. हे सगळे आभाळाकडे एकदाही न बघता.

म्युनिकजवळच फुर्स्टेनफेल्डब्रुक येथे २०१७ साली बारा मीटर बाजूच्या चार त्रिकोणांचे आणखी एक यंत्र जमिनीत उभे राहिले. एकाच पातळीतला फेरा पृथ्वीच्या फिरण्याचा एकच पैलू दाखवतो. चार त्रिकोण चारी दिशांनी तोंड करून बसले की फिरणे आणि कलणे दोन्ही कळते.

यामुळे दुर्बिणी मोडीत निघतील काय? नाही. दिवसाची लांबी ठरवण्यात आजही दुर्बिणींचीच सरशी आहे. पण दुर्बिणीचे उत्तर येईपर्यंतच्या मधल्या दिवसांत हे यंत्र क्षणोक्षणी सांगते, आणि दोन अगदी वेगळ्या साधनांचा ताळा जुळला की मापावर विश्वास बसतो. यावरून पाऊस कधी पडेल ते मात्र कळत नाही. तसे कोणी सांगू लागला तर ऐकू नका. हवा आणि समुद्र पृथ्वीशी वेगाची देवघेव कशी करतात, हे समजायला त्याची मदत होते, इतकेच.

आपण काय घ्यावे?

आपल्याला लेसर नको आहे. पण त्या लोकांची शिस्त घेण्यासारखी आहे. घरी चार गोष्टी करून पाहा.

पहिली, वजनकाट्याची. माल घालण्यापूर्वी काटा शून्यावर आहे काय ते पाहा आणि खात्रीचे वजन ठेवून तपासा. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात ठेवा. आकडा बदलला तर काट्यात पासंग आहे.

दुसरी, पर्जन्यमापकाची. तो पातळीत बसवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. आडोशाला ठेवलेला पर्जन्यमापक पाऊस कमीच दाखवणार.

तिसरी, फवारणीच्या पंपाची. त्याचे तोंड, ज्याला आपण नोझल म्हणतो, ते साखळीच्या कडीसारखेच झिजते आणि औषध जास्त जाते. एक मिनिट पाणी मापात धरा. नव्या नोझलपेक्षा दहावा हिस्सा जास्त भरले तर नोझल बदला.

चौथी बांधाची. मोबाइलमधल्या नकाशावर बांध पाहून भांडायला उठू नका. मोबाइल काही मीटरची चूक सहज करतो. शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मोजणी घ्या. त्या वेळी दोन्ही बाजूंनी हजर राहा आणि मोजणाऱ्याला नम्रपणे विचारा, "यंत्राचा ताळा घेतला काय?" हा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही. जर्मनीतले मोठमोठे शास्त्रज्ञ स्वतःच्या यंत्राला रोज हाच प्रश्न विचारतात.

आमच्या बांधावरची बाभूळ केव्हाच गेली. दोन्ही बोरी अजून आहेत. मोजणी झाली त्या संध्याकाळी मी आणि माझा चुलत भाऊ तिथे बराच वेळ बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, म्हणजे त्या दोघांत खोटे कोणीच नव्हते." मी म्हटले, "नव्हते. साखळी खोटी होती." मालूताईला त्याने तिथूनच फोन लावला. ती ऐकून घेऊन काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकूला सांगितलेस का?" आई घरी ओट्यावर बसली होती. आम्ही उठलो आणि तिला सांगायला गेलो.